वखारीत गेलेला पाय

लग्न होऊन मी इंदापुराहून बारामतीला आले तेव्हा माझा नवरा स्टेशनाजवळच्या एका वखारीत हमाल होता. घर बांधायला जे जे लागतं ते त्या वखारीत मिळायचं. सागाचे ओंडके, बांबू, पत्रे, कौलं, शहाबादी फरशी, चुना, लोखंडी तुळया. दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीनं माल यायचा. तो उतरवून बैलगाड्यांतून वखारीत आणायचा, रचून ठेवायचा आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा त्याच्या गाडीत चढवायचा, हे यांचं काम. मूळ गाव मोरगावच्या अंगाला, सगळं जिरायत. तिथं घरात खाणारी तोंडं जास्त म्हणून हे मिसरूड फुटायच्या आधीच बारामतीला आले होते आणि त्या वखारीतच मोठे झाले होते. अंगानं दांडगे, बोलायला कमी. उजव्या खांद्यावर ओंडका टेकून टेकून घट्टा पडला होता. संध्याकाळी मी तिथं तेल चोळायची, तर त्यांना हात लागलेला कळायचासुद्धा नाही.

माझे वडील इंदापुरात शाळेत शिपाई होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. शाळेच्या आवारातच वाढल्यामुळे मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या बरोबरीच्या घरांत तेव्हा बाईला वाचता येणं हे नवल होतं. शेजारच्या बाया पत्र आलं की माझ्याकडे घेऊन यायच्या. मला एक धाकटा भाऊ होता. तो शाळेत रमला नाही आणि पुढंही कुठं एका जागी टिकला नाही. कधी मोटारस्टँडवर, कधी कुणाच्या केळीच्या बागेत. आबांना त्याचीच काळजी असायची.

माझ्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत वखारीत तेलावर चालणारं इंजिन आलं. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याचं बांधकाम जोरात होतं, कालव्याच्या कडेचे बागाईतदारही माड्या चढवत होते, आणि सगळ्यांना फळ्या हव्या होत्या. हातानं ओढायच्या करवतीनं तेवढ्या फळ्या निघेनात. शेठनी वखारीच्या मागच्या अंगाला दगडी चौथरा बांधून त्यावर ते इंजिन बसवलं. पट्ट्यानं गोल करवत फिरायची. तिचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. दुपारी तो थांबला की मी भाकरी घेऊन निघायची.

शेठ वाईट माणूस होते असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. त्यांच्या वडिलांनी बांबू विकून सुरुवात केली, शेठनी धंदा वाढवला. सणाला हमालांना धोतर द्यायचे. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांच्या घरून झबलं आलं होतं.

अपघात झाला तेव्हा ती मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. थंडीचे दिवस होते. फळ्यांची घाई चालली होती, गाड्या येऊन उभ्या होत्या. ओंडक्यांची थप्पी पुरुषभर उंच रचलेली. खालच्या ओंडक्याला लाकडी पाचरी मारलेल्या असत, त्यांच्यावर सगळा भार. वरून एकेक ओंडका काढायला वेळ लागतो म्हणून त्या दिवशी कडेनं ओढायला सांगितलं. कुणी सांगितलं ते पुढं कुणीच कबूल केलं नाही. हे समोर उभे राहून ओढत होते. एक पाचर सटकली आणि थप्पी घसरली. बरोबरचा माणूस उडी मारून निसटला. यांचा डावा पाय दोन ओंडक्यांमध्ये सापडला.

मला बोलवायला आलेला हमाल "वैनी, चला" एवढंच म्हणाला. मी मुलीला कडेवर घेऊन धावले. वखारीत यांना एका नव्या कोऱ्या पत्र्यावर झोपवलं होतं. उचलायला दुसरं काही नव्हतं. पत्र्याच्या पन्हळीतून रक्त वाहत होतं. यांचे डोळे उघडे होते. मला बघितल्यावर म्हणाले, "पोरीला हितं आनू नगं." मी तिला एका गाडीवानाच्या हातात दिलं आणि परत आले. तोवर चार जणांनी पत्रा उचलला होता.

बारामतीच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पुण्याला न्या म्हणून सांगितलं. शेठ स्वतः स्टेशनावर आले, गार्डाशी बोलले, यांना आडवं निजायला जागा करून दिली, तिकिटं काढली. हे सगळं त्यांनी केलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याच्या वर कापला.

शुद्धीवर आल्यावर यांनी पांघरुणावरून हात फिरवला. जिथं पांघरूण सपाट झालं तिथं हात थांबला, मग तसाच मागं आला. माझ्याकडे बघितलं नाही.  मी दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी चूल मांडणाऱ्या, रोग्यांच्या घरच्या बायकांत राहायची आणि भेटीच्या वेळी आत जायची. मुलगी सारखी त्या पांघरुणाच्या सपाट जागेवर बसायला बघायची.

शेजारच्या खाटेवर रेल्वेच्या कारखान्यातला एक फिटर होता. त्याची बोटं यंत्रात गेली होती. त्यानंच पहिल्यांदा सांगितलं, की कामावर अंग निकामी झालं तर मालकानं भरपाई द्यावी असा सरकारी कायदा आहे, त्याला स्वतःला मिळणार आहे. यांना ती थट्टा वाटली. मला म्हणाले, पाय काय बाजारात असतो? पण त्या फिटरनं एका वकिलाचा पत्ता सांगितला. गरिबांची अशी कामं ते पैसे न घेता बघायचे. मी मुलीला कडेवर घेऊन विचारत विचारत त्यांच्या घरी गेले.

वकील तरुण होते, सावकाश बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मला समजावलं. हा कायदा सगळ्या कामकऱ्यांना नाही. नुसतं मालाची खरेदी-विक्री करणारं दुकान असेल तर तिथल्या हमालाला त्यात जागा नाही, मग त्याचा पाय जावो की जीव. पण जिथं यंत्रावर काम चालतं आणि ठरावीक संख्येनं माणसं राबतात, ती जागा कायद्यात येते. "तुमच्या वखारीत यंत्र आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हाय की. इंजिनावर करवत चालते." त्यांचा चेहरा उजळला. मग काम होईल, म्हणाले, आणि त्यांनी शेठना नोटीस धाडली.

हे बरे होऊन कुबड्यांवर चालायला लागेपर्यंत उन्हाळा आला. बारामतीला परत आलो तेव्हा शेठनी घरी ज्वारीचं पोतं पाठवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी तुमाला काय कमी केलं हुतं? घरच्यावानी बघितलं. आन् तुमी माझ्यावर पुन्याचा कागूद धाडता?"

 मीच बोलले. म्हटलं, "शेठ, ज्वारी सरल की. पाय काय परत येनार न्हाय."

ते उठले. जाताना पोत्याकडे एकदा बघितलं, पण परत मागितलं नाही.

त्यांच्याकडून नोटिशीला उत्तर गेलं ते वकिलांनी मला पत्रानं कळवलं. ही जागा म्हणजे इमारतीच्या सामानाचं दुकान आहे, इथं यंत्र नाही, अंगमेहनतीची कामं अडीअडचणीला बाहेरची माणसं येऊन करतात. मी ते वाचून दाखवल्यावर हे कुबड्या घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. वखारीचं फाटक उघडंच होतं. मागच्या अंगाला चौथरा होता तसाच होता आणि त्यावर बांबू रचलेले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की परत आल्यापासून करवतीचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. कुबड्यांच्या खटखटीत आणि दुखण्याच्या गडबडीत आवाज नाही हे कळलंच नव्हतं.

बरोबरच्या हमालांना मी एकेकाच्या घरी जाऊन विचारलं. कुणी दार लावलं नाही. सगळ्यांनी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, हळहळ केली. साक्षीचं विचारलं की म्हणायचे, आमी बाहेर स्टेशनावर असतो, आतलं काय सांगनार? ज्यानं उडी मारून जीव वाचवला होता तो रडला. त्याला पाच लेकरं होती. मी त्याच्यावर रागावू शकले नाही. इंजिन कुठं गेलं एवढं मात्र त्यानं सांगितलं. शेठनी इंदापुरात दुसरं दुकान टाकलं होतं. इंजिन खोलून, गाड्यांत घालून, भर दिवसा तिकडं नेलं होतं.

इंदापूर माझं माहेर. मुलीला शेजारणीकडे ठेवून मी सर्व्हिस मोटरनं निघाले. भिगवणला गाडी बदलली आणि डाळजवरून पुढं गेले. रस्त्याला दोन्हीकडे नांगरून तापलेली रानं होती, माणूस दिसत नव्हतं. इंदापुरात उतरून घरी न जाता आधी ते दुकान शोधलं. शोधायला लागलंच नाही. लांबूनच आवाज आला. मागं नवी पत्र्याची शेड होती आणि तिच्यात तेच इंजिन चालू होतं. अंगावर एका बाजूला हिरवा रंग उडालेला होता, तो मला चांगला ठाऊक होता. करवतीपाशी लाकूड पुढं सरकवत माझा भाऊ उभा होता. केसांपासून पायापर्यंत भुशानं पिवळा झालेला.

त्यानं मला बघितलं आणि हातानं पट्टा सोडवला. इंजिन चालूच राहिलं, करवत थांबली.

"आक्का, तू हितं कशी?"

मी विचारलं, तू कधीपासून आहेस? म्हणाला, हे इंजिन आलं तेव्हा उतरवायला माणसं हवी होती, शेठनी आबांना निरोप धाडला, आणि उतरवल्यावर कामावरच ठेवून घेतलं. रोज मजुरी, पावसाळ्यातही खाडा नाही. हे सांगताना त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच काही तरी स्थिर होतं. मी साक्षीचं काढल्यावर ते गेलं.

संध्याकाळी घरी आबांनी मला जेवू घातलं आणि मग बोलले. त्यांनी आयुष्यभर घंटा वाजवली होती, साहेबलोकांच्या खुर्च्या पुसल्या होत्या, कुणाला उलट शब्द बोलले नव्हते. म्हणाले, "पोरी, दाजीचा पाय गेला, ते वंगाळच झालं. पन हेचं आत्ता कुठं बस्तान बसलंय. तुजा वकील हेचं नाव घेईल आन् शेठ हेला हाकलील. एका घराची चूल पेटवाया दुसऱ्या घराची इझवायची का?"

भाऊ भिंतीला टेकून बसला होता.  मी आबांना म्हटलं की शेठनी याला कामावर का ठेवलं ते तुम्हाला कळत नाही का? आबा म्हणाले, "कळतंय की. कळलं म्हनून काम सोडावं का?"

बारामतीला परतल्यावर मी वकिलांना भावाचं नाव कळवलं. दुसरा कुणी नव्हताच. आणि मला तेव्हा वाटत होतं की खरं सांगायला काय लागतं.

पुण्याला एका न्यायाधीशांकडेच हे भरपाईचं काम होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी शेठच्या वकिलानं तडजोड म्हणून एक रक्कम सांगितली. कायद्यानं बसत होती त्याच्या निम्मीही नव्हती. आमचे वकील म्हणाले, घेऊ नका, तुमच्या मेहुण्यानं तोंड उघडलं की सगळी मिळेल. 

दुसऱ्या दिवशी खोलीत आम्ही एका बाकावर, शेठ आणि त्यांचे मुनीम दुसऱ्या. दाराशी आबा उभे होते, शाळेचा पट्टा काढून ठेवलेला आणि फेटा नीट बांधलेला. मला वाटतं ते पहिल्यांदाच पुण्याला आले होते. मुनीमांनी शपथेवर सांगितलं की बारामतीच्या वखारीत यंत्र नव्हतं. मग भावाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं. त्यानं शपथ घेतली. आमच्या वकिलांनी त्याला विचारलं, "इंदापूरच्या दुकानातलं इंजिन तुम्ही गाडीतून उतरवलंत. ते कुठून आलं होतं?"

 न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला. भावानं शेठकडे बघितलं, मग दाराकडे आबांकडे, मग माझ्याकडे.  ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मी मनात म्हणत होते, बोल, दोन शब्दांचं काम आहे. खोलीत पंखा ओढणाऱ्याच्या दोरीचा आवाज येत होता.

माझ्या शेजारी हालचाल झाली. हे कुबडीचा आधार घेऊन उभे राहिले होते.

"वकीलसाहेब," हे म्हणाले, "त्याला खाली येऊ द्या. शेठ काल जेवढं देत हुते तेवढं मी घेतो."

वकिलांनी यांचा हात धरून खाली बसवायचा प्रयत्न केला, कानाशी काही सांगितलं. हे बसले नाहीत. मी यांच्या सदऱ्याला धरून ओढलं, तरी बसले नाहीत. शेवटी न्यायाधीशांनी भावाला उतरायला सांगितलं. तो पिंजऱ्यातून उतरला आणि आमच्याकडे न बघता आबांच्या शेजारून बाहेर गेला.

अशा तडजोडीची नोंद न्यायाधीशांसमोर व्हावी लागते. त्यांनी यांना विचारलं, रक्कम कमी आहे हे तुम्हाला समजतं का, आणि तुम्ही राजीखुशीनं घेताय का. हे म्हणाले, "राजी हाय, साहेब. खुशीचं तेवढं लिहू नका." न्यायाधीशांनी चष्मा काढून यांच्याकडे बघितलं. पण कारकुनाचं लिहायचं ठरलेलं असतं. त्यानं नेहमीचाच शब्द लिहिला आणि मी तो वाचला.

परतताना दौंडला गाडी बदलायची होती. कुबड्या घेऊन हे फलाटावर उतरले, मी मागून गाठोडं घेऊन. लोक वाट करून देत होते आणि यांना ते आवडत नव्हतं. छोट्या गाडीत बसल्यावर हे आपण होऊनच म्हणाले, "त्याचे दोन पाय धड हायेत. त्याला कामाला जाऊ दे."

मी म्हटलं, "आन् आपन?"

 बारामती येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत राहिले.

आलेल्या पैशांतून यांनी कानशी आणि करवत घट्ट धरून ठेवायला एक शिकंजा घेतला. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसून सुतारांच्या करवतींना धार लावायचं काम सुरू केलं. बसून करायचं काम, ते जमलं. पण पोट त्यावर भरेना. मी चुन्याच्या घाणीवर जायला लागले. दिवसभर बैलामागं चालत चुना आणि वाळू एकजीव करायची. हातांना चिरा पडायच्या, रात्री मुलीच्या अंगावरून हात फिरवला तर ती रडायची. पुढं ते सोडून बागाईतदारांच्या मळ्यात वांगी-मिरच्या तोडायला गेले. तिथं निदान चटके नव्हते.

त्याच सुमारास शेठनी वखारीत थप्प्यांच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट ठोकून घेतले. हे मला एका हमालानंच सांगितलं. यांच्या कानावर गेलं तेव्हा यांनी एका थप्पीला किती खुंट लागतात ते विचारलं. चार, म्हणून सांगितल्यावर पुन्हा कानस चालवायला लागले.

वर्षभरानं भाऊ दारात आला. इंदापूरच्या दुकानातल्या हातकरवती धार लावायला आणल्या होत्या. शेठनी पाठवल्या की स्वतःच घेऊन आला ते सांगितलं नाही. हे त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलले. मी भाकरी वाढली, पण तोंड उघडलं नाही. नंतर तो दर महिन्याला येत राहिला आणि मी दर महिन्याला तशीच भाकरी वाढत राहिले. माझा राग त्याच्यावर जास्त होता की यांच्यावर, ते मला सांगता आलं नसतं.

यांच्या पायाचा उरलेला भाग कधी धड भरलाच नाही. पावसाळ्यात चिघळायचा. महायुद्ध सुरू झाल्याच्या बातम्या येत होत्या त्या दिवसांत तो फार चिघळला, ताप चढला, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. खांदा द्यायला भाऊ पुढं होता. वखारीतले हमाल आले. शेठ आले, लांब उभे राहिले.

दहाव्याच्या दिवशी सगळे गेल्यावर भाऊ ओट्यावर बसून होता. मी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, की त्या दिवशी हे मधे बोलले नसते तर तू काय सांगणार होतास?

तो म्हणाला, "मलाच ठाऊक न्हाय, आक्का. दाजींनी मला ते कळूच दिलं न्हाय."

मी आत गेले आणि त्याच्यासाठी चहा टाकला.

पुढल्या महिन्यात त्यानं बैलगाडी आणली आणि मी मुलीला घेऊन इंदापूरला राहायला गेले. आबा थकले होते, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. सकाळी भाऊ करवतीवर जायचा, मी मळ्यात जायची, आणि आबा मुलीला शाळेत पोचवायला तिचा हात धरून निघायचे. रस्ता तीच दाखवायची.